इंदुरात चेरी का लागत नाही, आणि मग गच्चीवर लागते ती कोणती?

मे अर्धा सरला की आधी चोइथराम मंडीत आणि मग पलासियाच्या फळवाल्यांकडे ते छोटे चपटे डबे दिसायला लागतात. काश्मीरची नाहीतर हिमाचलची चेरी, लालबुंद, देठासकट. भाव ऐकून आपण एकच डबा घेतो, मुलं तो दहा मिनिटांत संपवतात आणि मग ताटलीतल्या बियांकडे बघत घरातलं कुणीतरी विचारतंच, "ह्या पेरल्या तर?"

यंदा तर आमच्या घरच्या ग्रुपवर आत्याने एक जाहिरातच टाकली. ऑल इंडिया चेरी, कुंडीत येते, एका वर्षात फळ, आणि फोटोत दीड फुटाच्या रोपाला टोपलीभर चेऱ्या लटकलेल्या. खाली आत्याचा मेसेज, "अगं, तुझ्या गच्चीवर एवढं ऊन आहे, घेऊन टाक ना." आता तिला कसं सांगू की उन्हाचा प्रश्नच नाहीये, ऊन चेरीलाही लागतं, अडचण वेगळीच आहे. फोनवर सांगायला गेले तर अर्धा तास गेला आणि शेवटी ती म्हणाली, "हे सगळं लिहून पाठव." म्हणून हे.

## आधी हे बघू की चेरी म्हणतात कुणाला

चेरी या एका नावाखाली आपल्याकडे निदान पाच वेगवेगळी झाडं फिरतात, अर्धा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

डब्यातली जी गोड चेरी, तिचं शास्त्रीय नाव प्रूनस एव्हियम. आडू (म्हणजे पीच), आलुबुखारा, जर्दाळू, बदाम ही तिची सख्खी-चुलत भावंडं. दुसरी केकवरची लाल चेरी. ती आपल्याकडे बहुतेक वेळा चेरी नसतेच, ते असतं करवंद, बी काढून, पाकात मुरवून, लाल रंग दिलेलं. म्हणजे ज्या करवंदाची जाळी आपल्या आजोळी डोंगरावर फुकट होती तेच आपण बेकरीत चेरी म्हणून खातोय. तिसरी शाळेच्या मैदानाच्या कडेला असते ती, केसाळ चिकट पानांची, पांढऱ्या फुलांची, वाटाण्यापेक्षा थोडं मोठं लाल फळ, आत असंख्य बारीक दाणे आणि चव थेट जत्रेतल्या बुढ्ढी के बालसारखी. ती मुंटिंगिया, सिंगापूर चेरी म्हणून विकतात, मूळची मध्य अमेरिकेकडची. चौथी बार्बाडोस चेरी, पाचवी भोपळ्यासारख्या खाचा असलेली सुरीनाम चेरी. शेवटच्या चारही आपल्या हवेत मजेत वाढतात. आणि पहिल्या एकीचं उरलेल्या चौघींशी काही नातं नाही, नाव सोडून.

मीही चार वर्षांपूर्वी फसलेय, लपवत नाही. ऑनलाइन मागवलेलं रोप, चिठ्ठीवर नुसतं "चेरी", आणि मी दोन हिवाळे त्याच्यावर बर्फाचे तुकडे ठेवत बसले (ती गोष्ट पुढे येईल). मग एकदा नीट पानं बघितली तेव्हा कळलं. खऱ्या चेरीच्या पानाची कड करवतीसारखी दातेरी असते, पानं फांदीवर एकाआड एक येतात, आणि पान जिथे देठाला जुळतं तिथे देठावर दोन बारीक लालसर गाठी दिसतात, मोहरीच्या दाण्यापेक्षा लहान. सालीवर आडव्या रेघा असतात, पट्टीने आखल्यासारख्या. माझ्या रोपाची पानं समोरासमोर जोडीने, कड एकदम साधी. म्हणजे बार्बाडोस. रोप घेताना एवढं एक पान उलटून बघा, पैसे वाचतील.

## झाड झोपतं म्हणजे नक्की काय करतं

आता मुख्य मुद्दा. डोंगरातलं चेरीचं झाड शरदात पानं गाळतं आणि झोपी जातं. पुढच्या वर्षीची फुलं तोवर कळ्यांच्या आत तयार होऊन बसलेली असतात, हे फार कुणाला माहीत नसतं, ती आदल्या उन्हाळ्यातच घडायला लागतात. पण त्या कळ्यांना आतून कुलूप असतं. का? कारण समजा जानेवारीत चार दिवस छान ऊन पडलं आणि झाड फसून फुललं तर पाचव्या दिवशीच्या बर्फात सगळी फुलं जळतील. म्हणून झाड नुसत्या उन्हावर विश्वास ठेवत नाही. हिवाळा खरंच होऊन गेला का, हे ते मोजून बघतं.

मोजतं कसं, तर गल्ल्यात नाणी टाकल्यासारखं. शून्य ते सात अंशांच्या मधली थंडी एक तास मिळाली की एक नाणं. याला चिलिंग अवर्स म्हणतात, आपण थंडीचे तास म्हणू. गल्ला भरला की कुलूप उघडतं, आणि मग मात्र उलटं, आता ऊब हवी, काही आठवडे ऊब मिळाली की कळ्या फुटतात. आधी पुरेशी थंडी, मग पुरेशी ऊब, हा क्रम बदलून चालत नाही.

यात एक मेख आहे. दुपारी पारा सोळा-अठराच्या वर गेला की गल्ल्यातून नाणी परतही जातात. नुसते तास मोजण्याची पद्धत जुनी आणि ढोबळ आहे, नंतरच्या पद्धतींमध्ये गरम दुपारींची ही वजाबाकीही धरतात.

गोड चेरीच्या बहुतेक जातींचा गल्ला 700 ते 1200 तासांचा. लॅपिन्ससारख्या काहींचा त्याहून लहान.

## इंदूरचा हिशेब मांडून बघू

आपली शब-ए-मालवा प्रसिद्धच आहे, उन्हाळ्यातसुद्धा रात्री वारा गार. आपण साडेपाचशे मीटर उंचीवर आहोत त्याचा हा फायदा. पण चेरीला गार वारा पुरत नाही. जानेवारीत आपलं रात्रीचं तापमान सरासरी दहाच्या आसपास, म्हणजे बहुतेक रात्री एकही नाणं नाही. थंडीची लाट आली की पारा पाच-सहावर उतरतो, सगळे सराफ्यात गराडू खायला पळतात, पण तो पारा असतो पहाटेचे तीन-चार तास. अशा पंधरा रात्री धरल्या, तरी झाले साठ तास. आणि त्याच दिवशी दुपारी पंचवीस-सव्वीस. म्हणजे रात्री टाकलेलं दुपारी काढलं. सातशेच्या गल्ल्यात साठ, तेही खरे नाहीत.

मग झाडाचं होतं काय? ते लगेच मरत नाही, तिथेच लोक फसतात. पहिल्या वर्षी, रोप आणण्याआधी मिळालेल्या थंडीच्या पुण्याईवर ते फुटतं, पानं येतात, आपण फोटो काढतो. मग हळूहळू कळ्या उशिरा फुटायला लागतात, एखादी फुटते, शेजारची तशीच राहते, फांद्या लांबच लांब उघड्या आणि टोकाला चार पानं. फूल नाहीच, आलं तर एखाददुसरं, अवेळी. वर एप्रिल-मेचं चाळीस-बेचाळीस अंशांचं ऊन, आणि मग आपली काळी माती. काळी माती कापूस-सोयाबीनला सोनं, पण पावसाळ्यात ती पाणी धरून बसते आणि चेरीची मुळं पाण्यात उभी राहिली की सडतात. दोन-तीन दिवस साचलेलं पाणीसुद्धा तिला जड जातं.

## "पण सफरचंद तर गरम भागात लागतंय ना?"

हा प्रश्न आमच्या शेजारच्या काकांचा, आणि बरोबर आहे. हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातले हरिमन शर्मा यांनी एचआरएमएन-99 नावाचं सफरचंद शोधलं, ते चाळीसच्या वर तापमान जाणाऱ्या मैदानी भागातही फळ देतं, त्यांना 2025 मध्ये पद्मश्रीही मिळाली. मग चेरीने काय घोडं मारलंय?

घोडं मारलेलं नाही, तसं झाड अजून आपल्या हातात आलेलं नाही एवढंच. थंडीचे तास हा झाडाच्या जातीचा गुण आहे, फळाच्या नावाचा नाही. सफरचंदात आणि आडूत कमी थंडीच्या जाती भरपूर सापडल्या. गोड चेरीत फार थोड्या. कॅलिफोर्नियात मिनी रॉयल आणि रॉयल ली अशी एक जोडी तयार झालीय, त्यांना दोनशे-तीनशे तास पुरतात म्हणतात, आणि दोघी एकमेकींना परागकण देतात म्हणून दोन्ही लावायला लागतात. पण दोनशेसुद्धा आपल्या साठापेक्षा तिप्पट झाले! वर आपल्याकडे "लो चिल चेरी" चिठ्ठी लावून येणारं रोप खरंच तेच आहे का, हे रोप लहान असताना मी तरी ओळखू शकत नाही, विकणारा ओळखतो असंही मला वाटत नाही.

आणि नोव्हेंबरात शिलाँगच्या गुलाबी चेरी ब्लॉसमचे रील येतात ना, ती वेगळी, हिमालयातली जंगली चेरी, प्रूनस सेरासॉइडिस. थंडी सुरू होतानाच फुलते. तिचा दाखला इथे चालत नाही.

## बर्फ, कोल्ड स्टोरेज आणि नाशिकचं औषध

बर्फ. मी केलंय, म्हणून सांगते. रोज संध्याकाळी कुंडीत फ्रीजमधल्या बर्फाचा अख्खा ट्रे. एक तर ती चेरी नव्हतीच, पण असती तरी उपयोग शून्य, कारण नाणी मोजतात फांदीवरच्या कळ्या, मुळं नाही. मुळाशी बर्फ म्हणजे ताप डोक्यात आणि पट्टी पायाला.

कोल्ड स्टोरेजची आयडिया मात्र वेडगळ असली तरी तत्त्वाने बरोबर आहे. आपल्याकडे बटाट्याची कोल्ड स्टोरेज भरपूर, आत दोन-चार अंश. पानं गळालेलं, झोपलेलं झाड कुंडीसकट आत ठेवलं तर हजार तास म्हणजे साधारण बेचाळीस दिवस. झोपलेल्या झाडाला उजेड लागत नाही, माती किंचित ओली ठेवली की झालं. पण आधी ते झोपायला तर हवं, आपल्या डिसेंबरात ते धड पानंही गाळत नाही. आणि एका कुंडीसाठी कोल्ड स्टोरेजवाल्या भियाला काय सांगणार, बटाटे आहेत म्हणून?

तिसरं, नाशिकचे पाहुणे सांगतात ते. द्राक्षाची छाटणी झाली की डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड लावतात. ते खरं आहे, आणि बाहेरच्या देशांत चेरीवरही ते वापरतात. पण ते थोडी कमी पडलेली थंडी भरून काढतं, जवळजवळ रिकामा गल्ला नाही भरत. शिवाय ते विषारी आहे, लावणाऱ्याने आगेमागे दारू घेतली तर अंगावर उलटतं. घरच्या गच्चीवर ते नकोच.

## बी पेरली तर?

बी उगवते, पण तिलाही थंडी लागते, कळीसारखंच कुलूप तिलाही आहे. गर काढून, धुऊन, ओल्या वाळूत घालून फ्रीजमध्ये तीन-चार महिने ठेवावी लागते, तेव्हा कुठे काही बिया फुटतात. रोप मात्र आईसारखं निघत नाही, आंब्याच्या कोयीसारखंच, काय येईल नेम नाही, आणि फळाला सात-आठ वर्षं. म्हणून चेरी नेहमी कलमाचीच लावतात. मुलांना प्रयोग म्हणून ठीक आहे. फक्त बी फोडून आतला गर खाऊ देऊ नका, कडू बदामात असतं तेच त्यात असतं, पोटात गेल्यावर त्यातून सायनाइड सुटतं. चुकून अख्खी बी गिळली तर ती तशीच निघून जाते, घाबरू नका.

## आणि ज्यांच्याकडे थंडी आहे त्यांनी

हे मुख्यतः आमच्या मावसभावासाठी. तो नोकरीनिमित्त सिमल्याच्या वर नारकंड्याकडे गेला आणि तिकडचाच झाला, घरामागे उताराची जागा आहे, आणि दरवर्षी विचारतो काय लावू. दादा, तू लाव. तुझ्याकडे गल्ला फुकटात भरतो.

लावायची ती झोपलेली असताना, डिसेंबर ते फेब्रुवारी, पानं नसलेलं उघड्या मुळांचं कलम. जागा अशी की पाणी खाली निघून जाईल पण थंड हवाही साचणार नाही. थंड हवा पाण्यासारखी खोलगट जागेत उतरून बसते आणि मार्च-एप्रिलच्या फुलांवर दव गोठलं तर वर्ष गेलं. खड्डा मोठा खण, पण त्यात शेणखताचा डोंगर नको. आम्हा इंदूरवाल्यांना कंपोस्टचा अभिमान आहे, अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी 1924 ते 1931 च्या दरम्यान इथेच ती पद्धत बसवली, जगभर इंदूर पद्धत म्हणून गेली, आज जिथे अॅग्रिकल्चर कॉलेज आहे तिथेच. तरीपण चेरीला मापातच. नत्र जास्त झालं की नुसत्या फांद्या पळतात आणि फळ लांबतं. कलमाचा जोड जमिनीच्या वर चांगला वीतभर राहू दे, मातीत गाडलास तर वरच्या भागाला स्वतःची मुळं फुटतात आणि खालच्या खुंटाचा उपयोग संपतो.

खुंट म्हणजे ज्याच्या मुळांवर कलम बांधतात तो. झाड केवढं होणार हे तोच ठरवतो. मॅझार्ड नावाच्या खुंटावर बांधलेली चेरी दुमजली घराएवढी होते, मग वरची फळं पक्ष्यांचीच. जर्मनीत निघालेल्या गिसेला-5 वर ती निम्म्याच्या आसपास राहते, शिडी कमी लागते, फळही लवकर धरते, फक्त तिला पाणी-खत वेळच्या वेळी लागतं आणि आधाराचा खांब.

आता सगळ्यात महत्त्वाचं, एकटं झाड लावू नको. चेरीत सगोत्र चालत नाही! शब्दशः. फुलाच्या आत परागकण आला की झाड त्याचं गोत्र तपासतं, आपलंच निघालं तर त्याची नळी मध्येच थांबवतं, फळ धरत नाही. आणि दोन वेगळ्या जाती असून गोत्र एकच असेल तरीही नाही. उदाहरणार्थ अमेरिकेची प्रसिद्ध बिंग, 1875 च्या सुमाराची, मळ्यावरच्या चिनी मुकादमाच्या नावावरून ठेवलेली, ती लॅम्बर्टबरोबर लावली तर दोघी फुलून तशाच. म्हणून नर्सरीत नुसतं "दोन जाती द्या" म्हणू नको, "एकमेकींना चालणाऱ्या आणि एकाच वेळी फुलणाऱ्या" असं विचार. जागा एकाच झाडाची असेल तर स्टेला घे. कॅनडात समरलँडला 1968 मध्ये निघाली, एक्स-रेने परागकणात बदल घडवून जी रोपं मिळाली होती त्यांच्या वंशातली, हिला स्वतःचाच पराग चालतो. लॅपिन्स हिचीच लेक. तरी मधमाश्या लागतातच, फुलात असताना कसलंही औषध फवारू नको.

चौथ्या-पाचव्या वर्षी फळ दिसायला लागतं. ते आखूड गाठीदार काड्यांवर येतं, आणि तीच काडी पुढे दहा-दहा वर्षं फळ देते, म्हणून तोडताना देठ धरून हलकेच वळवून तोडायचं. फळ ओढलंस आणि काडी मोडली तर पुढच्या सगळ्या वर्षांचं फळ मोडलं. चेरी तोडल्यावर पिकत नाही, आंब्यासारखी अढी घालता येत नाही, म्हणून झाडावरच चाखून बघायची.

छाटणी कोरड्या दिवसांत. ओल्या हवेत कापलेल्या जागेतून रोग आत शिरतो आणि खोडातून डिंक वाहायला लागतो, तो डिंक म्हणजे झाड कण्हतंय असं समज.

आणि पाऊस. फळ पिकत आलेलं असताना पाऊस झाला की चेरी तडकते. आत साखर, बाहेर पाणी, साल पातळ, भिजत घातलेल्या हरभऱ्यासारखं फळ पाणी ओढतं पण साल ताणायची किती. काश्मिरात मे-जूनच्या अवकाळी पावसाने बागवाल्यांची झोप उडते ती यासाठीच, तिथल्या अव्वल नंबर, मखमली, डबल, मिश्री या सगळ्या जातींना ही भीती. तू दोन झाडांवर बांबू लावून प्लास्टिक ताणू शकतोस, आणि पक्ष्यांसाठी जाळी, ती रंग चढायच्या आत.

## मग आत्याने गच्चीवर काय लावायचं

चेरीचं नातेवाईकच हवं असेल तर आडू. पंजाबच्या मैदानात शान-ए-पंजाब, फ्लोरडा प्रिन्स या कमी थंडीच्या जाती चालतात, तरी इंदुरात गॅरंटी नाही, आणि ते जमिनीत हवं, कुंडीत नाही. काळी माती असेल तर वाफा फूट-दीड फूट उंच करून लाव.

गच्चीवर मात्र बार्बाडोसच. माझं ते फसवून आलेलं रोप अजून आहे. पंधरा इंची कुंडी, दिवसभर ऊन, उन्हाळ्यात दोन वेळा पाणी, पावसाळ्यात कुंडीखालची ताटली काढून टाकायची. गुटी बांधून लागतं, म्हणून आत्या, नवीन विकत घेऊ नकोस, मीच जुलैत बांधून ठेवते. फुलं गुलाबी, पाऊस पडला की चार-पाच दिवसांत एकदम येतात, तीन-चार आठवड्यांत फळ लाल होतं. आत तीन बिया, चव आंबट-गोड, डब्यातल्या चेरीची आठवण रंगापुरतीच. क जीवनसत्त्व मात्र संत्र्याच्या कित्येक पट, आणि हिरव्या फळात पिकलेल्यापेक्षाही जास्त. साल इतकी नाजूक की मंडीत कधी दिसणार नाही, संध्याकाळी तोडलेलं दुसऱ्या दिवशी मऊ पडतं. माझी आई म्हणून अर्धी कच्चीच तोडून घेते, हिरवी मिरची आणि गूळ घालून चटणी करते, आणि सकाळच्या पोह्यांबरोबर वाढताना आल्यागेल्याला सांगते, "गच्चीतली चेरी आहे हो आमच्या." मी आता दुरुस्त करायचं सोडून दिलंय.